शोकेसमधला महाल

मैत्रिणींनो, कुणाकडे हळदीकुंकवाला गेलात की शोकेसकडे तुमचं लक्ष जातंच ना? संगमरवरी ताजमहाल, लाकडी हत्ती आणि घरातलं कुणी परदेशी असेल तर स्टँडवर नाक वर करून उभं असलेलं एखादं विमान. पुष्कळदा ते असतं बोइंग ७४७, म्हणजे आपलं जंबो. आपण त्याला खेळणं समजतो. पण सिएटलला गेलात, तर या खेळण्याचं मूळ रूप अवश्य पाहून या.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं शहर. तिथे बहिणीकडे गेले असताना तिने मला 'म्युझियम ऑफ फ्लाइट' दाखवायला नेलं. रस्त्यावरचा पूल ओलांडला की उंच छपराखाली जगातलं पहिलंवहिलं जंबो उभं आहे. जवळच्या एव्हरेट गावी ते तयार झालं आणि ९ फेब्रुवारी १९६९ रोजी प्रथम उडालं. लांबी सत्तर मीटरच्या वर, शेपटी सहा मजली इमारतीएवढी! मान वर करून करून दुखायला लागते, बरं का. गंमत म्हणजे याने तिकीट काढलेला एकही उतारू कधी नेला नाही. ते फक्त चाचण्यांसाठी होतं. तेव्हा माणसांच्या वजनाऐवजी आत पाण्याची पिंपं ठेवीत.

एवढं धूड पाहिल्यावर छोट्या प्रतिकृतीची खरी किंमत कळते. संग्राहक जी जपतात, ती पुष्कळदा एकास दोनशे या प्रमाणात असते. म्हणजे पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांच्या कंपासातल्या दोन पट्ट्या, तीस सेंटिमीटर. आणि या हिशेबाने तुमच्याआमच्यासारखी बाई केवढी होईल? बासमतीच्या एका दाण्याएवढी! पाठीवरचा उंचवटा आखूड असेल तर ते जुनं जंबो, आणि उंचवटा लांब व पंखांची टोकं वर वळलेली असतील तर १९८९ नंतर उतारू नेऊ लागलेलं.

एअर इंडियाचं पहिलं जंबो आलं १९७१ साली. प्रत्येक खिडकीभोवती तांबडी झरोक्याची कमान रंगवलेली. जाहिरातीत त्याला 'आकाशातला महाल' म्हणत. चांगल्या प्रतिकृतीत त्या कमानीही मोजून घ्याव्यात अशा असतात. नाकाजवळचं बारीक अक्षरांतलं नावही वाचा. 'सम्राट अशोक' हे ते पहिलं जंबो. १ जानेवारी १९७८ रोजी वांद्र्यासमोरच्या समुद्रात ते कोसळलं. २१३ जण गेले. 'सम्राट कनिष्क' २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ बॉम्बस्फोटात नष्ट झालं. ३२९ जण गेले. ही नावं वाचल्यावर त्याला खेळणं म्हणवत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये एअर इंडियाच्या जंबोने मुंबईहून अखेरचं उड्डाण केलं. निघताना त्याने पंख हलवून निरोप घेतला. आता एअर इंडियाचं जंबो राहिलं आहे ते फोटोंत आणि शोकेसमध्ये.

आमच्या शेजारच्या काकूंकडे असं एक जंबो आहे. मुलगा १९८६ साली त्यातूनच गेला आणि तिकडचाच झाला. काकू ते ओल्या फडक्याने कधीच पुसत नाहीत; कमानींचे ठसे निघतात. चित्रकलेचा मऊ ब्रश घेऊन नाकाकडून शेपटीकडे हलकेच धूळ झाडतात, आणि ऊन येणाऱ्या खिडकीपासून ते लांब ठेवतात. तुमच्याकडे असेल तर तुम्हीही तसंच करा.

आणि पुढच्या वेळी कुणाच्या शोकेसमध्ये जंबो दिसलं, तर "केवढ्याला घेतलं?" असं विचारू नका. "यातून कोण गेलं होतं?" असं विचारा. चहा गार होईल, पण गोष्ट संपायची नाही.