वाती वळता वळता

एरंडोलच्या आमच्या घरामागे देवकपाशीचं झाड होतं. बोंडं फुटली की आजी कापूस वेचायची, सरकी काढायची आणि दुपारी ओट्यावर वाती वळायला बसायची. बोटांना चिमूटभर राख लावून कापसाच्या पुंजक्याला एक पीळ दिला की वात तयार. चातुर्मासात तिचा लक्ष वातींचा नेम असे. फुलवात मी तिच्याकडूनच शिकले.

हात चालू असताना ती मानमोडीच्या तापाबद्दल सांगायची. 1918 सालची ती इन्फ्लुएंझाची साथ. देशात कोटीहून जास्त माणसं गेली. आजी तेव्हा लहान होती. घरातली सगळीच तापाने पडलेली, पाणी द्यायलाही कुणी उभं राहू शकत नव्हतं, असं ती सांगे. मी विचारायची, "मग तुम्ही काय करायचात?" ती म्हणायची, "भ्यायचो ना माय. भेत भेत काम करायचो."

या उत्तराचा अर्थ मला बऱ्याच वर्षांनी कळला. सप्टेंबर 1994 मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली. खानदेशातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे कापडाच्या कारखान्यात होतं. माणसं मिळेल त्या गाडीने निघाली. माझा धाकटा भाऊ धरणगाव स्टेशनावर उतरून घरी आला. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या मिळेनात, शेजाऱ्यांची दारं बंद. भाऊ आतल्या खोलीत एकटा. आई दाराबाहेर कापूस घेऊन बसली आणि रात्रभर वाती वळत त्याच्याशी बोलत राहिली. भीती तिच्या आवाजात होती, पण ती तिथून उठली नाही. हाताला काम होतं म्हणून तिला तिथे बसून राहता आलं.

मग 2020 आलं, कोरोनाची साथ घेऊन. 22 मार्चला जनता कर्फ्यू, 25 पासून टाळेबंदी. सुरतेकडून आलेली माणसं डोक्यावर बोचकी घेऊन महामार्गाने पूर्वेकडे चालत होती. खरेदी थांबल्याने शेतकऱ्यांच्या घरात कापूस छतापर्यंत भरलेला. 5550 रुपयांचा हमीभाव कागदावर होता, पण केंद्रं बंद. त्यात जळगाव जिल्ह्यातल्या मृत्यूंच्या बातम्या.

माझ्या छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. सारखी ताप मोजायची, ऑक्सिमीटरमध्ये बोट घालायची, मोबाइल बघायची. आकडा बरा दिसला की घटकाभर हायसं वाटे आणि लगेच पुन्हा बघावंसं वाटे. चिंतेचा स्वभावच असा आहे. खात्री करून घेतली की ती शमत नाही, आणखी खात्री मागते. शरीर पळायच्या तयारीत असतं आणि पळायला तर जागा नसते.

एका संध्याकाळी कापूस काढला. वात सारखी यायची तर घाई चालत नाही. पीळ देताना श्वास आपोआप लांबतो, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. पण नुसत्या वातींनी भागलं नसतं. सुरतेच्या वहिनीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवायची. तिकडे तीही वाती वळायची. "मला फार भीती वाटते" हे मी पहिल्यांदा तिच्यापाशी उच्चारलं. "मलाही," ती म्हणाली. बातम्या दिवसातून एकदाच बघायच्या, हे दोघींनी मिळून ठरवलं. 2021 च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, तो फोन आमचा आधार होता.

वातींनी रोग टळत नाही. आठवडेच्या आठवडे झोप येत नसेल, अन्न गोड लागत नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर डॉक्टरकडे जायला हवं. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर टेलि-मानसची मोफत मदत मिळते आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आजीच्या काळी असं काही नव्हतं. आज ते आहे, तर त्याचा संकोच कशाला?

भीती पूर्ण गेल्यावर जगू, असं म्हणत बसलो तर जगायचं राहूनच जाईल. तीन पिढ्यांत आमच्या घरात कुणी निर्भय नव्हतं. पण भ्यायलेल्या माणसाजवळ कुणीतरी बसलं, त्याच्याशी बोललं आणि हातातलं काम सोडलं नाही. पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. शेजारी बसणं मात्र आपल्या हातात आहे.