क्लच जमल्यानंतर

मोटर ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. शिकणाऱ्याला वाटतं, गाडी आपण चालवतोय. निम्मा वेळ ती शेजारचे काका चालवत असतात. घरच्या गाडीत बसल्यावर पहिल्यांदा कळतं, की डावीकडे ब्रेक नाही.

*

आरटीओच्या मैदानावर दुचाकीला आठ काढायला लावतात. पाय टेकला की नापास. ठीक आहे, तोल तरी कळतो. पण रात्र, पाऊस, घाट, समोरून अपर लाइट मारत येणारा ट्रक, यातलं त्या मैदानावर काहीच नसतं. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते. बहुतेकांना तेवढे ३० दिवसच ठाऊक; एकतिसाव्या दिवशी एजंटला फोन. मग मार्चमध्ये शिकलेला मुलगा वायपर पहिल्यांदा लावतो तो जूनमध्ये, तोही एकटा असताना. माझं ऐकाल तर उरलेले पाच महिने वापरा. शेजारी जाणता माणूस बसवून एक पावसाळी संध्याकाळ आणि एक घाट पदरात पाडून घ्या, मग जा चाचणीला.

*

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. एक्स्प्रेसवेवर मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं, की पन्नासपेक्षा जास्त मीटर गाडी डोळे मिटून गेली. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. म्हणून पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात 'एकशे एक, एकशे दोन' म्हणावं. त्याआधी आपण खांबापाशी पोचलो तर फार चिकटलोय. पावसात एकशे चारपर्यंत मोजा. मध्ये कुणीतरी घुसणारच. घुसू द्या, आणि पुन्हा मोजायला लागा.

*

घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची आणि पेट्रोल वाचवल्याचं समाधान मानायचं, ही खोड वडिलांकडून मुलाकडे येते. खरं तर हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना, एक्सिलरेटरवर पाय नसेल तर, इंधन जवळपास बंदच करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायलाच इंधन लागतं. म्हणजे बचत नाहीच, शिवाय सगळा भार ब्रेकवर. बोरघाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की ते तापतात, धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम अजून खोटा ठरलेला नाही. ब्रेक लावायचा तो अधूनमधून, नीट दाबून, आणि सोडून द्यायचा.

वरंधा, आंबेनळी अशा अरुंद घाटांत चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. हा नुसता शिष्टाचार नाही, नियमच आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं अवघड असतं. नवशिक्याची गाडी तर मागेच सरकते.

*

भाताण किंवा माडपचा बोगदा आला की निम्म्या गाड्यांचे चारही इंडिकेटर लुकलुकू लागतात. धुक्यात तेच, मुसळधार पावसात तेच. ते दिवे थांबलेल्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. चालत्या गाडीने ते लावले की ती लेन बदलतेय की नाही, हे मागच्याला कळायला मार्ग उरत नाही. साधे हेडलाइट लावा.

*

'ओल्या रस्त्यावर ब्रेक पंप कर' हा सल्ला एबीएस नसलेल्या गाड्यांचा. २०१९पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. अडचणीत पाय गच्च दाबून धरायचा आणि स्टिअरिंग सांभाळायचं. पायाखाली थरथर जाणवते, तिला घाबरून पाय उचलू नये.

*

दार उघडताना डावा हात वापरा. आपसूक मान मागे वळते आणि येणारा स्कूटरवाला दिसतो.

*

४ सप्टेंबर २०२२. पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात गेले. गाडी महागडी होती. मागे बसलेले दोघेही दगावले, त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे वाचले. तरीही आपल्याकडे मागच्या सीटवर पट्ट्याची क्लिप गादीखाली खोचलेलीच सापडते. गाडी चालवणाऱ्याने, नवा असला तरी, आजोबांना आणि साहेबांनासुद्धा 'पट्टा लावा, मग निघू' म्हणायला शिकावं. इंडिकेटरइतकंच तेही ड्रायव्हिंग आहे.

*

अठराच्या आतल्या मुलाने मोटार वाहन कायद्यातला गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड; मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. २०१९च्या दुरुस्तीपासून कायदा असा आहे. मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोन तरुण जीव गेले, तेव्हा तो अनेकांनी पहिल्यांदा वाचला. 'सोसायटीतल्या सोसायटीत चालवतो' म्हणणाऱ्या बाबांनी तो किल्ली देण्याआधी वाचावा.

*

आणि जे मुरलेले आहेत त्यांना एक विनंती. सिग्नल हिरवा झाला आणि पुढची लाल 'एल' लावलेली गाडी बंद पडली, तर हॉर्नवरचा हात काढा. ती पुन्हा सुरू करायला त्या पोरीला पाच सेकंद लागतील. तुम्ही हॉर्न वाजवलात तर वीस.