मे महिन्यातली मोजणी

वऱ्हाडातली जुनी अपार्टमेंटं कूलरच्या हिशेबानं बांधलेली आहेत. अकोल्याची जठारपेठ असो की अमरावतीचं राजापेठ, बिल्डरनं घरटी दोन कूलर, फ्रिज, टीव्ही, पंखे धरले आणि सिंगल फेज मीटर दिलं. कूलर खातो दोनशे वॅट. आता त्याच खोलीत दीड टनाचा एसी आलाय, त्याला दीड हजार लागतात. मग मे महिन्यात रात्री अकराला खालचा फ्यूज उडतो आणि सकाळी आम्हा वीज ठेकेदारांना फोन येतो.

‘मोठं मीटर बसवून टाका न भाऊ, मोजत कायले बसता?’

मीटर हे त्यातलं सोपं काम. महावितरणकडे वाढीव भाराचा अर्ज, परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, होतं ते. खरी मेख मोजणीत आहे. पुस्तक सांगतं, सगळी उपकरणं एका वेळी चालत नाहीत, तेव्हा बेरजेपेक्षा भार कमी धरा. जानेवारीत ते पटतं. मे महिन्यात अख्खी इमारत झोपताना एकदम एसी लावते, म्हणून मी तारेतला करंट मोजणारा टोंग टेस्टर घेऊन रात्रीच मीटर बोर्डापुढे उभा राहतो.

त्यात नेमकी तेव्हाच केबल थकलेली असते. पीव्हीसी केबलची क्षमता ४० अंशांच्या हवेसाठी दिलेली असते आणि तिचं वेष्टन ७० पर्यंत टिकतं. पत्र्याखालच्या बंद मीटर खोलीत ५० अंश झाले, की तीच केबल जेमतेम ८० टक्के करंट वाहते. बाळापूर तालुक्यात पारसला ५०० मेगावॅटचं वीजकेंद्र आहे. म्हणजे वीज जवळच तयार होते, आमची अडचण शेवटच्या पन्नास फुटांची. एक साइज वरची केबल घ्या म्हटलं, की तांब्याचा भाव ऐकून सोसायटीची मीटिंग एसीशिवायच गार पडते.

भार वाढवून इमारतीला थ्री फेज आल्यावर घरं तिन्ही फेजवर वाटायची. लोक मजल्यांप्रमाणे वाटतात, मी एसी मोजून वाटतो. आणि न्यूट्रलच्या तारेचा लग, म्हणजे टोकाचा जोड, स्वतः आवळून पाहतो. न्यूट्रल तुटला, तर कमी भाराच्या फेजवर २३० ऐवजी साडेतीनशेच्या वर व्होल्ट चढू शकतात. म्हणजे एसी शेजाऱ्यांचे आणि टीव्ही जळतो तो एसी नसलेल्याचा.

अर्थिंगला आपली काळी माती पावसाळ्यात फार चांगली. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि ती इलेक्ट्रोडपासून सुटते. ऑगस्टमधलं रीडिंग कागदावर छान दिसतं, पण शॉक लागतो तो एप्रिल-मेमध्ये, ओल्या लोखंडी कूलरला हात लावल्यावर. गॅलरीतले कूलर अजून गेलेले नाहीत. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायचं काम मी चौकीदाराच्या नावानं सोसायटीच्या वहीत लिहायला लावतो. अकोल्यात उन्हाळ्यात प्यायचं पाणीच काही दिवसांआड येतं, तिथं खड्ड्याला कोण देणार? तिथं घराघरात ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, लावल्याशिवाय मी टेस्ट रिपोर्टवर सही करत नाही.