लॅमिंग्टन रोडवरून विहारापर्यंत

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून थोडे चालले की लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव. एकेकाळी रेडिओच्या सुट्या भागांचा हा बाजार. पुढे संगणकाचा झाला. काही दुकाने इतकी चिंचोळी, की मालक आत आणि गिऱ्हाईक फुटपाथवर! नवा संगणक ज्याला परवडत नाही, त्याच्याही हाती इथे काहीतरी लागते.

आमच्या वस्तीतील बुद्ध विहारात मुलामुलींसाठी प्रोग्रॅमिंगचा प्राथमिक वर्ग काढायचे ठरले. वर्गणीतून पाच वापरलेले संगणक इथूनच टेम्पोत घालून नेले.

यंत्रांना पैसे पडले, भाषा मात्र फुकट मिळाली. गिडो व्हॅन रॉसम यांनी नेदरलँड्समध्ये तयार केलेली पायथन ही संगणकाची भाषा १९९१ साली सर्वांसाठी खुली झाली. तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाईल एकदा पेनड्राइव्हवर घेतली, की एकेका संगणकावर बसवता येते. पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'ची चौकट असते. तिथे खूण करावी, म्हणजे पायथन कुठे ठेवले आहे ते संगणकाला सापडते. सोबत 'आयडल' नावाची लिहिण्याची खिडकी येते. आज्ञा लिहायच्या, जतन करायच्या, एफ-५ दाबायचे. प्राथमिक धड्यांना इंटरनेट लागत नाही.

दोन संगणकांवर विंडोज ७ होते. पायथनच्या नव्या आवृत्त्या त्यावर चालत नाहीत. चालणारी शेवटची ३.८. "हे डबे भंगारात घाला," असा सल्ला मिळाला. आम्ही ३.८ वेगळी उतरवून बसवली. जुन्या यंत्रांना नवे संरक्षण मिळत नाही, म्हणून ती इंटरनेटला जोडत नाही. शिकण्याचे काम मात्र चोख होते.

पहिल्या रविवारी एका मुलीने आज्ञा इंग्रजीत लिहिली आणि अवतरणचिन्हांत मराठी अक्षरे घातली. पडद्यावर उमटले, 'जय भीम'. खाजगी क्लासची फी ऐकून तिला परत घेऊन आलेली आई मागे सतरंजीवर बसली होती. तिने उठून पडद्यावरची अक्षरे बोटाने वाचली.

बंधू-भगिनींनो, गावोगावी, वस्तीवस्तीत आपली विहारे आहेत. रविवारी वंदना झाली की अनेक ठिकाणी कुलूप लागते. ते दोन तास उशिरा लावा. बाबासाहेबांच्या आदेशातला पहिला शब्द 'शिका' हाच आहे.

जय भीम!