कलेजी-पेट्याची लाज कशाला?

पगार झाला की बाहेर जाऊन खायचे, ही गोष्ट आपल्या घरांतून अजूनही चैनीची समजली जाते. एका अर्थी ते बरोबरही आहे. मुलांची फी, खोलीचे भाडे, लोकलचा पास यांतून जे उरते ते जपूनच खर्चायला हवे. तरीही वर्षातून दोन-चार वेळा घरातल्या लहानथोर सर्वांनी एका टेबलाशी बसावे आणि दुसऱ्याने मानाने वाढलेले खावे, ही आम्हाला चैन वाटत नाही. का वाटत नाही, तेच वाचकांना सांगायचे आहे.

ठाण्याचा टेंभी नाका म्हणजे नाना तऱ्हेच्या माणसांची जागा. १८७९ साली बांधलेले बेने इस्रायली लोकांचे प्रार्थनामंदिर इथे आहे, जैनांचे मोठे मंदिर आहे आणि बाजाराची गर्दी तर दिवसभर असते. नाक्यापासून चार पावलांवर, एका गल्लीत, आम्ही जातो ते छोटेसे हॉटेल आहे. दारातच लोखंडी लांबट शेगडी. तिच्यावर कोंबडीच्या तुकड्यांच्या सळया ओळीने मांडलेल्या. एक पोरगा पुठ्ठ्याने वारा घालतो, चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की चर्र आवाज होतो आणि धूर थेट रस्त्यावर जातो. त्या धुरापुढे पाटीची गरजच काय!

आत आठ टेबले. जागा मिळेल तिथे बसायचे. शेजारी रिक्षावाला असेल, वॉर्डबॉय असेल, नाहीतर वकिलाचा कारकून असेल. "दोन टिक्का, एक कलेजी, रोटी सहा!" असा पुकारा सतत चालू. दारू मिळत नाही, त्यामुळे बायकामुलांना घेऊन निर्धास्त बसता येते. मागच्या खेपेस आम्ही सहा जण पोटभर जेवलो आणि बिल ७०० रुपयांच्या आत आले.

त्या दिवशी भाचाही बरोबर होता. तो पुण्याजवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. कंपनीने त्याला सहा महिने ट्रेनिंगसाठी जपानला पाठवले होते. सळया पाहून तो म्हणाला, "मामी, हे तर तिथले याकितोरीच!" याकितोरी म्हणजे भाजलेला पक्षी. बांबूच्या काडीला कोंबडीचे छोटे तुकडे टोचतात आणि कोळशावर भाजतात. चव दोनच प्रकारची, एक नुसत्या मिठाची आणि दुसरी सोयाच्या गोडसर रसाची. कामावरून सुटलेली माणसे दाटीवाटीने बसतात, बियर घेतात, मोठ्याने बोलतात. तोक्योच्या युराकुचो भागात तर रेल्वेच्या पुलाखालीच अशी दुकाने आहेत. डोक्यावरून गाडी धडधडत जाते आणि खाली लोक खात असतात. ठाण्याच्या माणसाला यात नवल ते काय वाटणार?

नवल पुढेच होते. तिथे कोंबडीचे काहीच टाकत नाहीत. कलेजी, पेटा, दिल, कातडे, शेपटाकडचा तुकडा, सगळे सळईवर चढते. प्रत्येकाला वेगळे नाव आहे आणि लोक नाव घेऊन मागतात. १९४५ साली युद्ध हरल्यावर जपानात अन्नाची टंचाई होती, तेव्हा शिंजुकूच्या गल्लीतल्या टपऱ्यांवर डुकराचे आणि बैलाचे आतडे-काळीज असेच भाजून विकले जाई. कोंबडी तेव्हा महाग होती. १९६० नंतर ब्रॉयलर कोंबडी आली आणि ती गरिबाच्या आवाक्यात आली.

याला दुसरी एक बाजू आहे. जपानात इ.स. ६७५ मध्ये राजाने वर्षाच्या काही महिन्यांत गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यास बंदी केली. त्यामागे बौद्ध विचाराचा प्रभाव होता. पण हिंसा नको म्हणणे वेगळे आणि मेलेले जनावर ओढणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या माणसालाच अपवित्र ठरवणे वेगळे. पुढच्या काळात तिथे तेही घडले. त्या लोकांना बुराकू म्हणतात. १८७१ मध्ये सरकारने कायद्याने त्यांचा हीन दर्जा रद्द केला, तरी लोकांच्या मनातली शिवाशिव गेली नाही. शेवटी १९२२ मध्ये क्योतो शहरात त्यांनी स्वतःची संघटना उभारली. ओसाकाकडच्या बुराकू वस्त्यांतून मांस वाळवून ठेवण्याची जुनी रीत आहे. भाच्याने हे सांगितले तेव्हा आजींनी मान वर केली. "म्हणजे आपल्या चान्याच की!" त्या म्हणाल्या.

आजी म्हणजे आमच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. पहिल्यांदा त्यांना या हॉटेलात आणले तेव्हा त्या दारातच थांबल्या. "तुम्ही या खाऊन, मी इथं बसते," असे म्हणून शेगडीजवळच्या पायरीवर बसू लागल्या. गावाकडे त्यांच्या लहानपणी चहाच्या हॉटेलाबाहेर आपल्या लोकांची कपबशी वेगळी असे. चहा उभ्यानेच प्यायचा आणि कप आपणच विसळून ठेवायचा. घटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेल आणि उपाहारगृह सर्वांना खुले केले. १९५५ च्या कायद्याने अडवणाऱ्याला शिक्षाही ठरवली. परंतु कायदा झाला म्हणून पायांत बसलेली भीती एका दिवसात निघते काय? आम्ही त्यांचा हात धरून आत नेले आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसवले. वेटरने "आजी, काय देऊ?" असे विचारले, तेव्हा कुठे त्यांनी पदर सावरला.

आजींची ही भीती, तर आमच्या धाकटीची लाज निराळी. घरी कलेजी-पेटा केला की ती म्हणे, "डब्यात नको, मुली नाक मुरडतात." भाच्याचे बोलणे ऐकल्यावर तिने आपणहून एक प्लेट कलेजी मागवली. आम्ही तिला सांगितले, जे तुझी आजी चुलीवर करत होती, तेच लोक परदेशात पैसे मोजून खातात. पण तिकडे खातात म्हणून ते चांगले, असे मात्र समजू नकोस. ते आधीपासूनच चांगले होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अशाच पदार्थांची नोंद केली आहे. ते पुस्तक घरात असावे.

वाचक बंधुभगिनींनो, पुढच्या पगाराला घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला बरोबर घ्या. हॉटेल मोठे नसले तरी चालेल. त्यांना कडेला बसवू नका, टेबलाच्या मधोमध बसवा. काय मागवायचे ते त्यांनाच विचारा आणि जुन्या स्वयंपाकातले दोन पदार्थ त्यांच्याकडून मुलांदेखत लिहून घ्या.