आधी हात, मग टायर

रिमोटची गाडी म्हटलं की घरचे म्हणतात, "इंजिनिअरिंगला गेला आणि खेळण्यात रमला!" पण आमची गाडी खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, वजनाला दीड किलोच्या आसपास, आणि तिचं घर्षण आपल्या मेकॅनिक्सच्या पेपरातलंच.

साताऱ्याच्या एका हॉलमधल्या रेसला जायचं ठरलं आणि हॉस्टेलवर वाद पेटला. सांगलीत आम्ही फरशीवर पळवतो, तिथे कार्पेट. फरशीवर मऊ रबर चालतं, पण धूळ धरतं. सारखं ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. फोमचा टायर कार्पेटला घट्ट धरतो, खरखरीत सिमेंटवर मात्र खोडरबरासारखा झिजतो. पुढच्या चाकांना पकड जास्त झाली तर मागची बाजू गर्रकन फिरते. कमी पडली तर गाडी वळायचं सोडून सरळ भिंतीकडे निघते.

पाच गाड्यांना फोमचे पाच सेट म्हणजे वर्गणी मेसबिलाच्या जवळ जात होती. आमचा एक रूममेट साताऱ्यात 'कमवा आणि शिका' करून शिकलेला. त्याचा रुपया अंदाजावर उडवणं मला पटेना. मी वही काढली आणि प्रत्येकाचे दहा-दहा लॅप मोजले. एकाचे १३.८, १५.१, १४.२, १६.० सेकंद... वर्कशॉपचे मामा वहीत डोकावून म्हणाले, "आरं, हे एकाच पोराचं हाय का चार पोरांचं? आदी हात एकसारखा करा, मग टायरचं बघू."

मामांनी मेट्रॉलॉजीचं अख्खं युनिट एका वाक्यात संपवलं! टायरचा फरक पडणार फार तर अर्ध्या सेकंदाचा, हाताचा दोन सेकंदांचा. मग टायर चांगला की वाईट हे कळणार कसं?

तीन आठवडे टायर बदलायचे नाहीत असं ठरलं. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, सराव तिथेच. वळणाआधी वेग कमी, बाहेर पडताना वाढवायचा. सर्वांत फास्ट लॅप लिहायचा नाही, दहा लॅपमधला फरक लिहायचा. तो पाव सेकंदावर आला, तेव्हा जुनं कार्पेट अंथरून उसना फोमचा सेट लावून पाहिला. आता आकडे स्पष्ट बोलले. एकच सेट घेतला, ज्याचा हात सर्वांत स्थिर त्याच्या गाडीला. बाकी वर्गणी परत!

टायर महत्त्वाचा नाही असं नाही. २००५ साली इंडियानापोलिसच्या फॉर्म्युला वन रेसमध्ये मिशेलिनचे टायर तिथल्या वळणावर सुरक्षित नाहीत म्हणून १४ गाड्या रेस सुरू होण्याआधीच आत गेल्या. ब्रिजस्टोनवाल्या फक्त ६ धावल्या आणि त्यात आपला नारायण कार्तिकेयन चौथा आला. संधी टायरनं दिली, पण गाडी शेवटपर्यंत ट्रॅकवर ठेवली ती त्याच्या हातानं.

साताऱ्यात आमचाही नंबर चौथाच. पण तिथे सगळे धावले होते बरं का!

वही आमच्या रूमवर आहे. टायर घेण्याआधी ज्याला हवी त्यानं न्यावी. सबमिशनच्या आत परत द्यावी, एवढीच अट.