हात पिठात हाईत

6 जानेवारी 2025, सोमवार

पाटणकडचे तात्या पुन्हा आले. पंचाहत्तरी उलटलेल्यांना 2022 पासून एसटीचं तिकीट नाही, त्यामुळे ते वारंवार कराडला येतात. कधी माझ्या ऑफिसात नुसते बसून, चहा घेऊन परत जातात. आज मात्र पिशवीतून बक्षीसपत्राची प्रत काढली. राहतं घर आणि सव्वा एकर मुलाच्या नावे, दस्त 2023 चा.

आपल्याकडे मुलाला, मुलीला, नातवंडांना राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस दिली तर मुद्रांक दोनशे रुपयांचा. सवलत चांगली आहे, पण तिच्यामुळे देण्याची घाई वाढली हेही खरं. दस्त ओळीनओळ वाचला. 'नैसर्गिक प्रेमापोटी' आहे. ते प्रत्येक बक्षीसपत्रात असतं. देणाऱ्याचा तहहयात सांभाळ करायचा, ही अट कुठेच नाही. त्याच्या राहण्याच्या हक्काची एक ओळही नाही.

"पोरगा सांभाळणारच होता की," तात्या म्हणाले. "अट घालायची म्हंजे त्याचा अपमान."

8 जानेवारी

2 तारखेला सर्वोच्च न्यायालयाचा नवा निकाल आला, तो रात्री वाचला. आईने मुलाला घर बक्षीस दिलं, मुलाने त्याच दिवशी सांभाळण्याचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं, आणि पुढे ते पाळलं नाही. न्यायालयाने बक्षीसपत्र रद्द करून घराचा ताबा आईला द्यायला सांगितला. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा त्यांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचा, असा रोख. 2022 च्या निकालाचा सूर कोरडा होता: बक्षीस रद्द करणारं कलम 23 लावायचं तर सांभाळाची अट होती हे दिसलं पाहिजे.

तात्यांकडे दस्तात अट नाही आणि वेगळा कागदही नाही. बक्षीसपत्र रद्द करून मागेन, पण मुख्य भर निर्वाहखर्चावर ठेवावा लागेल. त्याला महिना दहा हजारांची कमाल मर्यादा. ती 2007 ची, अजून तशीच. काढून टाकण्याचं विधेयक 2019 साली लोकसभेत आलं होतं.

14 जानेवारी, संक्रांत

तिळगूळ वाटताना आजीचा विषय निघालाच. आमच्या घरात संक्रांतीला तो निघतोच, कारण तिची ती प्रसिद्ध गोष्ट याच दिवसांतली.

आजोबा 1961 साली गेले. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला पूर्ण मालकीचा वाटा मिळू लागला होता, पण गावात ते कुणाला पटलं नव्हतं. दिरांचं म्हणणं, बाईमाणसाला सातबाऱ्यावर नाव कशाला, मुलं आहेतच. तलाठ्याला घेऊन ते घरी आले, हक्कसोडीचा कागद तयार होता, शाईची डबीही. आजी गुळाच्या पोळ्यांचं पीठ मळत होती. "हात पिठात हाईत," म्हणाली. चहा झाला, गप्पा झाल्या, हात पिठातच. दुसऱ्यांदा ते आले तेव्हा ती शेण कालवत होती. तिसऱ्यांदा कुणी आलं नाही.

ती दोन एकर मरेपर्यंत तिच्या नावावर राहिली. म्हातारपणी ती तिन्ही मुलांकडे पाळीपाळीने राहायची, आणि कुठल्याही घरात तिला उलट बोललेलं मी ऐकलं नाही. आम्ही माया म्हणायचो. वकील झाल्यावर कधीतरी माझ्या मनात आलं, मायेत त्या दोन एकरांचा वाटा किती? हा प्रश्न मी वडिलांना, अण्णांना, विचारलेला नाही, विचारणारही नाही. आजीला विचारला असता तर ती हसली असती. तिला हिशेब चोख येत होता आणि मायेचाही तिला संशय नव्हता. दोन्ही एकाच कमरेच्या पिशवीत ठेवायची.

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं या दोहोंतलं एकच निवडून बसलेली असतात.

15 जानेवारी

तात्यांचा अर्ज लिहिला. कायद्याचं 17 वं कलम वकिलाला प्रांतांकडच्या न्यायाधिकरणापुढे उभं राहू देत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 साली वकिलांच्या बाजूने कौल दिला. पण इथे मी बाहेर बाकावरच बसते. अर्ज असा हवा की म्हाताऱ्या माणसाला तो स्वतः बोलून दाखवता यावा.

हे मी अण्णांकडून शिकले. अण्णा कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे, अर्जनवीस. शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाखाली. माणूस रडत यायचा, घराण्याचा इतिहास सांगायचा, अण्णा बोटं वर धरून थांबायचे आणि विचारायचे, "काय पाहिजे ते सांगा." तेच पहिल्या ओळीत. रडगाणं चौथ्या परिच्छेदात, तेही तीन ओळी. आणि पैसे सगळ्यांकडून घ्यायचे, अगदी दोन रुपये का होईनात. फुकट लिहून दिलेला अर्ज माणूस नीट वाचत नाही, असं त्यांचं मत. लोक त्यांना कंजूष म्हणत. विधी महाविद्यालयात मला मसुदा-लेखन शिकवलं गेलं, पण ते अण्णांच्या पुढचं नव्हतं.

19 जानेवारी, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान. अध्यक्षांनी प्रास्ताविकात 'नटसम्राट' काढलंच. 1970 पासून या विषयावरच्या प्रत्येक भाषणात आप्पा बेलवलकर येतात. मला वकील म्हणून नेहमी वाटतं, आप्पांनी वाटणी केली ती विनाअट, आणि आमचा कायदा महाराष्ट्रात लागू झाला 2009 साली; त्यांच्या हाती कलम 23 नसतंच. हे बोलून दाखवलं. थोडे हसले, अध्यक्ष नाही हसले.

प्रश्न नेहमीचे. सुनेला घराबाहेर काढता येतं का? कायद्यातल्या 'अपत्य' या व्याख्येत सून नाही, आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की या कायद्याच्या आडून तिचा राहण्याचा हक्क मोडता येणार नाही. पुढच्या रांगेची नाराजी दिसली. फक्त मुलीच असतील तर? लग्न झालेल्या मुलीवरही आईबापांची जबाबदारी आहे. 1987 चा निकाल, आणि तो आपल्या कल्याणच्याच एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणातला. यावर मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

चहाच्या वेळी एक बाई कोपऱ्यात आल्या. नोटीस गेली तर मुलगा फोन करायचं बंद करील का? म्हटलं, काहींचे करतात बंद. त्या "बरं" म्हणाल्या आणि बिस्किट पिशवीत ठेवून गेल्या. दहा हजारांची मर्यादा काय, कलमं काय, यांतलं काहीच त्यांना विचारायचं नव्हतं.

27 जानेवारी, सोमवार

प्रांत कचेरीत तात्यांची तारीख. मी बाकावर. तात्या आत गेले, बाहेर आले, मग मुलगा बाहेर आला. चाळिशीचा, हातात हेल्मेट, माझ्याकडे बघेना. आत काय झालं ते तात्यांनी सांगितलं. साहेबांनी विचारलं, काय पाहिजे? तात्या म्हणाले, माडीवरची खोली आणि तिची किल्ली. पैशाचं नंतर. अर्जातही पहिली ओळ तीच होती. दोघांमध्ये समेट होतो का ते बघायला समझोता अधिकाऱ्याकडे पाठवलं आहे.

परत जाताना बापलेक एकाच मोटारसायकलवरून गेले. तात्यांनी एसटी सोडली. ही समेटाची सुरुवात की नुसती उन्हाची सोय, कळलं नाही.

2 फेब्रुवारी, रविवार

अण्णांनी जेवताना सांगितलं, कराडचं घर तुझ्या नावे बक्षीस करतो, दोनशे रुपयांत होतंय. वय 81, पेपर वाचतात. मी नाही म्हटलं. पुण्याच्या भावाला फोन लावला, तो म्हणाला, घे की, मला काय हरकत. हरकत त्याची नव्हतीच.

"अण्णा, घर तुमच्या नावावर राहू दे. मृत्युपत्र करा."

"तू काय मला हाकलणार आहेस?"

"नाही. पण आजीने केलं नसतं."

यावर ते बराच वेळ गप्प बसून ताक प्यायले. मग म्हणाले, लिही. म्हटलं, मी नाही लिहिणार, मला मिळणाऱ्या गोष्टीचा मसुदा माझ्या हातचा नको. शेजारच्या ऑफिसातल्या कुलकर्णी वकिलांकडून करून घेऊ. "त्याची फी किती?" मी सांगितली. जास्त वाटली, तरी देईन म्हणाले. साक्षीदार दोन लागतील, हे त्यांना माहीतच होतं. मी त्यांच्या दोस्तांची नावं सुचवली, निवृत्त मास्तर आणि वरच्या गल्लीतले जोशीकाका.

"ते कशाला? उद्या कोर्टात साक्ष द्यायला जिवंत पाहिजेत की नकोत? चाळिशीच्या आतले दोघं बघ."